सुई गावातल्या बाईच्या हाती

बाळाचं पोट वरखाली होताना बघायचं आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सोबतीला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. श्वास मोजण्याचं हे साधन डॉ. अभय बंग यांनी बनवलं ते गडचिरोलीतल्या सुईणींसाठी. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पन्नास-साठपर्यंत मोजताना गोंधळ व्हायचा, पण दहापर्यंत कुणीच चुकत नसे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था घेऊन गडचिरोलीत काम सुरू केलं, तेव्हा चंद्रपूरपासून वेगळं होऊन या जिल्ह्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. पुढे 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा न्यूमोनियाचा अभ्यास छापला. गावातल्याच माणसांनी उपचार केलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते.

खरी कसोटी त्यानंतर लागली. जन्मल्यावर पहिल्या महिन्याच्या आत मरणाऱ्या बाळांचं काय? बाळंतपणं बहुतेक घरीच होत. जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्याला मोठ्या रुग्णालयात नेलं पाहिजे, असं पुस्तकं सांगत. पण ओली बाळंतीण आणि आजारी बाळ घेऊन जंगलातून निघणार कोण, आणि वाहन कुठून आणणार? 'सर्च'ने 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना 'आरोग्यदूत' केलं. बाळ झोळीत ठेवून काट्यावर वजन घ्यायचं, ताप बघायचा, त्याला उबेत ठेवायचं, जन्मल्यावर रडलं नाही तर श्वास द्यायचा, हे सगळं त्या शिकल्या. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली की आईबापांची संमती घेऊन जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही त्याच देऊ लागल्या.

वैद्यकीय जगाला धक्का बसला तो इथे. गावातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार? 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये उत्तर आलं. या गावांत दर हजार जन्मांमागे साधारण 62 नवजात दगावत होते; तिसऱ्या वर्षी तो आकडा 25 च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांत मात्र मृत्यू जवळपास तेवढेच राहिले.

औषध एवढं जुनं आणि स्वस्त होतं की यशाचं श्रेय त्याला देणं कठीण. आरोग्यदूत त्याच गावची होती, हाकेच्या अंतरावर होती आणि तिच्या कामावर नियमित देखरेख होती. शिवाय बाळ आजारी आहे हे ओळखल्यावर लगेच काही करायचा अधिकार तिच्याकडे होता. यातलं काहीही काढून घेतलं तर उरतो फक्त निरोप्या.

2011 मध्ये केंद्र सरकारने नवजातांची घरपोच काळजी देशभर गावोगावच्या 'आशा' या आरोग्य स्वयंसेविकांवर सोपवली. जन्म दवाखान्यात झाला तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झाला तर पहिल्या दिवशीही. साऱ्या भेटींचे मिळून 250 रुपये. गडचिरोलीतला प्रयोग देशाचं धोरण झाला, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच गोष्ट. मात्र सुई आशाच्या हाती आली नाही. बाळाला जेंटामायसिन देण्याची मुभा 2014 मध्ये मिळाली, ती एएनएम या परिचारिकेला. बाळंतपणं आता मोठ्या प्रमाणावर दवाखान्यात होतात हे खरं, पण बाळ दोन-तीन दिवसांत घरी येतं आणि पुढचे धोक्याचे आठवडे गावातच जातात.

गावातच कुणी हाताशी असण्याची किंमत हिवतापातही कळते. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या मिळतात. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचं गाव बाहेरच्या जगापासून तुटतं. पलीकडच्या पाड्यांची गत विचारायलाच नको. अशा वेळी तापाने फणफणलेल्या पोराच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेणारी आणि हिवताप निघाला तर गोळ्यांचा पहिला डोस समोर बसवून देणारी आशाच असते. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा आहे आणि मेंदूपर्यंत पोचणारा फॅल्सिपेरम हा त्याचा प्रकार इथे भरपूर. त्यामुळे एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. शिवाय ती माडिया किंवा गोंडी बोलते. डॉक्टरांचं मराठी घरापर्यंत आणि घरातली भीती डॉक्टरांपर्यंत पोचते ती तिच्यामुळे.

सरकारदरबारी ती अजूनही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. लांबलेल्या आंदोलनानंतर मार्च 2024 मध्ये राज्याने आशांच्या मानधनात महिना 5,000 रुपयांची वाढ मंजूर केली. ती आवश्यकच होती. पण गडचिरोलीच्या प्रयोगातून घ्यायचं ते पैशापाशी संपत नाही. साधनं हाताशी नसतील तर आशाचीही निरोप्याच होते. तपासणीच्या पट्ट्या, गोळ्या, थर्मामीटर, वजनकाटा यांतलं कुठल्या आशाच्या पेटीत काय उरलंय, हे नद्या चढायच्या आधी, मे महिन्यातच, पाड्यापाड्यावर जाऊन तपासलं गेलं पाहिजे.