मुक्काम हरवलेला प्रवास

‘प्रवास’ हा शब्द संस्कृतातील ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला आहे. घर सोडून दूर राहणे हा त्याचा मूळ अर्थ. जाण्यापेक्षा राहण्यावर त्यात भर आहे. जुन्या मराठी माणसाची तयारीही या अर्थाला धरूनच असे. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या टिकत आणि सोवळे पाळणाऱ्यालाही वाटेत चालत. फिरकीच्या तांब्यातले पाणी सांडत नसे. वळकटी उलगडली की अंथरूण तयार. यांतली प्रत्येक वस्तू थांबल्यावर कामी येणारी होती.

वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये त्यांचे हाल वाचून अंगावर काटा येतो. पण ते हाल बंडाच्या धामधुमीचे होते. पाय दिवसा चालत आणि रात्री अंग जमिनीला टेकत असे. वारीचेही तेच. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर पालखी जवळजवळ तीन आठवड्यांत तोडते. न्याहारी, जेवण, विसावा, मुक्काम यांच्या जागा ठरलेल्या असतात. वयस्क वारकरीही पंढरी गाठतो, त्यात श्रद्धेइतकाच या आखणीचाही वाटा आहे.

आता आमच्या धायरीकडे पाहू. २०१७ साली पुणे महापालिकेत आलेल्या या गावातून मुला-मुलींकडे अमेरिकेला निघालेले आईवडील सर्रास भेटतात. मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू भरून प्रत्येक बॅग २३ किलोंच्या आत आहे ना, हे काट्यावर तीनतीनदा पाहिले जाते. शरीराचा हिशेब मात्र राहून जातो. मुंबईच्या विमानतळापर्यंत मोटारीने चार तास, तिथे तीन तास आणि न्यूयॉर्कपर्यंत थेट विमानात सुमारे सोळा तास. हेही २३ च होतात. बैठक विमानात नव्हे, धायरीतच सुरू होते.

बसून राहण्यात धोका काय? पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे मोठे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालणे थांबले की रक्त खाली साचते, पावले सुजतात आणि क्वचित खोल शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. हे विमानाने आणलेले दुखणे नव्हे. १९४० साली लंडनवर बाँब पडत असताना लोक आश्रयस्थानांत रात्ररात्र कापडी खुर्च्यांवर बसून काढत. त्यांच्यात अशा मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका साधारण दुपटीने वाढतो, मग वाहन विमान असो, रेल्वे, बस वा मोटार. तरीही प्रमाण सहा हजारांत एक एवढेच आहे. म्हणून घाबरू नये, पण गाफीलही राहू नये.

उपाय एकच, हरवलेले मुक्काम स्वतः नेमणे. द्रुतगती मार्गावर एकदा उतरून पाय मोकळे करावेत. विमानात कडेची जागा मागून घ्यावी, म्हणजे उठताना शेजाऱ्याचा संकोच वाटत नाही. दर दोन तासांनी एक फेरी मारावी, बसल्या जागी पावले वरखाली करावीत. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणी टाळणारे पुष्कळ आहेत. विमानातली हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे पाणी घोटघोट पीत राहावे. इंग्रजीच्या धास्तीने चालत्या माणसानेही चाकाची खुर्ची मागण्याची पद्धत पडली आहे. गरज असेल तर ती जरूर घ्यावी. नुसता रस्ता विचारायचा असेल तर विमानतळावरचे चालणे गमावू नये.

पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दाबाचे मोजे किंवा ॲस्पिरिन मनाने सुरू करू नये. इन्सुलिन आणि रोजची औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि बदलत्या वेळांचे डोस आधीच लिहून घ्यावेत. प्रवासात वा नंतरच्या काही आठवड्यांत एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.

एक मुक्काम पोहोचल्यानंतरचाही आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. तेवढ्या काळात त्यांचे घड्याळ दिवसाला सरासरी अकरा-बारा मिनिटांनी मागे सरकत गेले. आज पुण्याचे आणि न्यूयॉर्कचे साडेनऊ-साडेदहा तासांचे अंतर एका दिवसात अंगावर येते. शरीर रोज साधारण तासाभराने जुळवून घेते. म्हणजे आठवडाभर रात्री जाग येणार आणि दुपारी डुलकी लागणार. हा आजार नव्हे. सकाळच्या उन्हात फिरावे आणि जेवण तिथल्या वेळेला घ्यावे. आजीच्या हाती तान्हे बाळ सोपवण्यापूर्वी मुलांनीही तिला हे चार दिवस द्यावेत. पूर्वी हे दिवस वाटेतच मिळत. आता ते घरच्यांनी द्यायचे आहेत.