गोल चावीचे कुलूप आणि त्याची कमजोर बाजू

गोल चावीचे कुलूप लगेच ओळखू येते. चपट्या चावीची उभी फट त्याला नसते. समोर एक अरुंद वर्तुळाकार खाच दिसते आणि तिच्या मधोमध धातूची खुंटी असते. चावी म्हणजे तोंडाशी लहानमोठ्या खाचा पाडलेली छोटी पोकळ नळी. सायकलची आणि हेल्मेटची केबल, मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचे कुलूप, लॅपटॉप टेबलाला बांधायची तार, काही दुकानांची शटर, नाणी टाकून चालणारी यंत्रे, अशा ठिकाणी ते आढळते. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात अशा कुलपांवर भिस्त ठेवावी लागेल असे प्रसंग पुष्कळ. कर्जत आणि नेरळ स्टेशनांपाशी दुचाकी लावून लोकलने मुंबईकडे कामाला जाणारे आहेत. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे जाणारे पर्यटक आहेत. खोपोली-खालापूरच्या बाजूला मालक शनिवार-रविवारी आला तरच उघडणारी फार्महाऊसे आहेत. चावी हरवली तर हे कुलूप कसे उघडतात आणि चावी नसलेला दुसरा कोणी ते किती सहज उघडू शकतो, हे दोन्ही प्रश्न एकाच रचनेशी येऊन थांबतात.

कुलपाच्या आत दोन भाग एकामागे एक बसवलेले असतात. पुढचा फिरतो, मागचा जागेवर घट्ट असतो. दोन्हींमधून आरपार जाणारी भोके वर्तुळात पाडलेली असतात, बहुधा सात, कधी आठ. प्रत्येक भोकात दोन पिना एकापुढे एक आणि त्यांच्या मागे बारीक स्प्रिंग. चावी नसते तेव्हा स्प्रिंगच्या जोराने मागची पिन अर्धीमुर्धी पुढच्या भागात शिरलेली असते, म्हणून पुढचा भाग फिरत नाही. चावी आत दाबली की तिची प्रत्येक खाच समोरच्या पिनेला ठरावीक अंतर मागे ढकलते. खाच खोल असेल तर पिन थोडीच सरकते, उथळ असेल तर जास्त. सातही जोड्यांचे सांधे दोन भागांच्या बरोबर सीमेवर आले तरच चावी फिरते. खाचेच्या आठ वेगवेगळ्या खोल्या धरल्या तर सात पिनांतून वीस लाखांहून अधिक जुळण्या होतात. हा आकडा ऐकून गिऱ्हाईक निर्धास्त होते, पण चावी नसताना कुलूप उघडणारा माणूस जुळण्या एकेक करून तपासत बसत नाही.

वर्तुळात मांडलेले अडसर नळीसारख्या चावीने मागे ढकलायचे, ही कल्पना बरीच जुनी. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७८४ मध्ये अशा कुलपाचे पेटंट घेतले. त्यात पिनांऐवजी सरकत्या पट्ट्या होत्या. पुढे त्याच्या दुकानाच्या खिडकीत अठरा पट्ट्यांचे एक कुलूप मांडले गेले आणि ते चावीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस जाहीर झाले. सहा दशके ते कोणालाच उघडता आले नाही. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने ते उघडले. सोळा दिवसांत मिळून ५१ तास त्याला लागले. त्यानंतर इंग्लंडमध्ये वाद पेटला की कुलपांच्या उणिवा अशा चव्हाट्यावर आणाव्यात का. चोरांना त्या आधीच ठाऊक असतात, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा, ही हॉब्जच्या बाजूच्या लोकांची भूमिका होती. ती आजही पटण्याजोगी आहे.

आज बाजारात दिसणारे सात पिनांचे रूप अमेरिकेतल्या शिकागो लॉक कंपनीचे. तिने १९३३ मध्ये ते ‘एस’ या नावाने आणले. वरून बसकी, आटोपशीर आणि लहान जागेत मावणारी ही कुलपे यंत्रांच्या दारांना सोयीची ठरली. चपट्या कुलपांसाठी घडवलेले आकडे आणि तारा त्यांच्यात चालत नसत, त्यामुळे ती अधिक सुरक्षित आहेत असा लौकिक झाला.

त्या लौकिकात काही काळ तथ्य होते. साध्या आकड्याने एकेक पिन जुळवत गेले तर सातही जुळल्यावर पुढचा भाग जरासा फिरतो आणि पिना शेजारच्या भोकांत जाऊन पुन्हा अडकतात. कुलूप पुरते उघडायचे तर तीच कसरत पुन:पुन्हा करावी लागते. हा त्रास टाळण्यासाठी वेगळे हत्यार निघाले. चावीच्याच मापाची नळी आणि तिच्या कडेने पिनांइतक्याच बारीक पट्ट्या. या पट्ट्या पुढेमागे सरकतात, पण थोड्या घट्टपणाने जिथल्या तिथे टिकून राहतात. त्यामुळे कुलपाशी जुळत जुळत हत्यार स्वतःच चावीचा आकार घेते. पिना हत्यारानेच धरून ठेवलेल्या असल्याने शेजारच्या भोकात पडत नाहीत. अनुभवी कारागीर नंतर पट्ट्यांची खोली मोजतो आणि तशाच खाचा कोऱ्या नळीवर पाडून खरी चावी करून देतो. हरवलेली चावी कुलूप न फोडता परत मिळण्याचा हा मार्ग, म्हणून कुलूपकामाच्या धंद्यात या हत्याराला मोल आहे.

मात्र जे हत्यार करते तेच मऊ प्लास्टिकही करू शकते, हे २००४ मध्ये जगाला कळले. त्या वर्षी सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतील एका सायकलस्वाराने दाखवले की क्रिप्टोनाइट कंपनीचे महागडे सायकल-कुलूप साध्या बॉलपेनच्या नळीने उघडते. स्वस्त पेनाचे मऊ टोक पिनांवर दाबले गेले की त्याच्यावरच पिनांचे ठसे उमटत. नळीचा घेर कुलपाच्या खाचेशी जुळत होता, एवढाच काय तो योगायोग. तसे पाहता ब्रिटनमधील एका सायकल मासिकाने १९९२ मध्येच हा दोष छापला होता, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. या वेळी चित्रफिती इंटरनेटवर पसरल्या आणि कंपनीला पावणेचार लाखांहून अधिक कुलुपे फुकट बदलून द्यावी लागली.

दोष पेनात नव्हता आणि एका कंपनीचाही नव्हता. चपट्या चावीच्या कुलपात पिना एकामागे एक, वाकड्या अरुंद वाटेत लपलेल्या असतात. गोल कुलपात सगळ्यांची टोके एकाच वेळी समोर उघडी असतात. त्यातून सातही स्प्रिंगा सारख्याच ताकदीच्या आणि पिना ढिल्या बसवलेल्या असल्या तर कुलूप फारसा विरोध करत नाही. चांगल्या बनावटीत स्प्रिंगांचा जोर वेगवेगळा ठेवतात, काही पिनांच्या कमरेला खाच देतात म्हणजे त्या चुकीच्या जागीच अडकून पडतात, खाचेचे माप नेहमीपेक्षा वेगळे घेतात. अशा कुलपावर हत्यार चालवायला कसब आणि वेळ लागतो. फेरीवाल्याकडच्या दीडशे-दोनशे रुपयांच्या केबलमध्ये यातले काही असेल अशी अपेक्षा धरणे चूक आहे. शिवाय तिथे कुलपाआधी केबलच कापली जाते.

हत्यार चालले नाही तर शेवटचा उपाय ड्रिलचा. वर्तुळाकार करवतीसारखे बिट पिनांचा सगळा थर खरवडून काढते. कुलूप वाया जाते, दार वाचते.

कर्जत-खालापुरात मात्र हे कुलूप अडण्यामागे हरवलेल्या चावीइतकाच पाऊस असू शकतो. भोर घाटाच्या पायथ्याशी कोसळणाऱ्या पावसात समोरून उघड्या असलेल्या त्या गोल खाचेत पाणी आणि बारीक माती जाते. गणपतीनंतर फार्महाऊसच्या पंपघराचे कुलूप उघडायला गेले की चावी पूर्ण आत बसत नाही, कारण एखादी पिन गंजून मध्येच थांबलेली असते. जोर लावला की नळीच्या तोंडाचा पातळ काठ वाकतो, आणि वाकलेली चावी चांगल्या कुलपालाही लागत नाही. खोबरेल किंवा इंजिनचे तेल घातल्याने काही दिवस बरे वाटते, मग तेलात धूळ धरते आणि आत चिखल होतो. आधी खाच कोरडी करून साफ करावी, मग ग्रॅफाइटची पूड फुंकावी. रबराची टोपी असलेले कुलूप घेतले तर निम्मे काम तिथेच होते.

उघड्यावरच्या फाटकाला किंवा बंद घराच्या दाराला लिव्हरचे जड कुलूप बरे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून अशी कुलुपे इथल्या घरांना परिचयाची आहेत. त्यांची चावी तयार करणाराही तालुक्याच्या बाजारात भेटतो. गोल चावीसाठी कोरी नळी आणि खाचा पाडायचे यंत्र लागते, ते रस्त्याकडेला कानस घेऊन बसलेल्या चावीवाल्याकडे सहसा नसते. म्हणून नव्या चावीवर कोरलेला क्रमांक घरी वहीत उतरवून ठेवावा. त्या क्रमांकावरून कंपनी किंवा मोठ्या शहरातला कारागीर चावी करून देऊ शकतो. त्याच कारणाने तो क्रमांक किंवा चावीचा फोटो कोणाला पाठवू नये, कारण नळीच्या तोंडाचा स्पष्ट फोटो जाणकाराला पुरतो.

स्वतःचे कुलूप उघडून घेणे हा गुन्हा नाही. पण जबाबदार चावीवाला गाडीचे आरसी बुक किंवा घराचे वीजबिल पाहिल्याशिवाय कामाला हात लावत नाही, आणि त्याने ते मागितले तर राग मानू नये. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साहित्य योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणे शिक्षेस पात्र आहे. रात्री रस्त्यात कोणाकडे असे हत्यार सापडले तर ते कशासाठी जवळ आहे, याचे समाधानकारक कारण त्यालाच द्यावे लागते.