डिस्क्लेमर वाचलात का?

ऐतिहासिक मालिका सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर बारीक अक्षरांची एक पाटी येते. येते आणि जाते. आमच्या घरी ती कुणीच वाचत नाही, कारण तेवढ्यात आई कुकर बंद करायला उठलेली असते आणि बाबा चष्मा शोधत असतात. परवा मी ती मोबाइलवर पॉज करून, झूम करून वाचली. मजकूर साधारण असा: कथा, कादंबऱ्या, बखरी, लोककथा यांचा आधार घेतलाय, मनोरंजनासाठी थोडं स्वातंत्र्य घेतलंय, हाच इतिहास असा आमचा दावा नाही आणि कुणाच्या भावना दुखवायचा हेतू तर नाहीच नाही. पाटी जाते, ढोल वाजतात, घोडे धावतात आणि पुढची वीस-बावीस मिनिटं सगळं अगदी असंच घडलं होतं अशा थाटात चालतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? मालिका आहे, बघायची आणि सोडून द्यायची. मीही हेच म्हणायचे. मग कॉलेजमध्ये माझी जाम फजिती झाली.

पहिल्या वर्षाला असताना आम्ही शिवजयंतीसाठी पथनाट्य बसवत होतो. स्क्रिप्ट माझ्याकडे. म्हटलं, आपण ठाण्याचे, तर आपल्या बाजूचाच प्रसंग घेऊ. मग काय, कल्याणच्या सुभेदाराची सून! खजिन्यासोबत पकडून आणलेली ती सुंदर स्त्री, महाराजांनी केलेला तिचा सन्मान, साडीचोळी देऊन पाठवणी. लिहिताना माझेच डोळे पाणावले होते. वाचन झालं आणि इतिहासाच्या सरांनी शांतपणे विचारलं, ‘‘याला आधार काय?’’ मी म्हटलं, ‘‘सर, टीव्हीवर दाखवलंय.’’ वर्ग किती वेळ हसत होता ते विचारू नका.

सरांनी मात्र हसू आवरून नीट समजावलं. कल्याण-भिवंडी महाराजांनी १६५७ मध्ये घेतली, हे पक्कं. पण त्या सुनेच्या गोष्टीला समकालीन कागदपत्रांत आधार मिळत नाही. ती नंतरच्या काळात रंगत गेली. मी हिरमुसले. तर सर म्हणाले, ‘‘अगं, आधार आहे तो याहून भारी आहे.’’ कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारातला माणूस. त्याने १६९७ मध्ये जिंजीला बसून बखर लिहिली. त्यात लष्कराचे नियम आहेत: सैन्यात बायको, बटीक, कलावंतीण न्यायची नाही, नेली तर गर्दन मारली जाईल. शत्रूच्या मुलखातल्या बायका-पोरांना धरायचं नाही. आणि खाफीखान! हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, महाराजांना येता-जाता शिव्या देणारा. पण मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही असा त्यांचा नियम होता, हे तोही लिहून ठेवतो.

आता तुम्हीच सांगा, शत्रूच्या माणसाने नाइलाजाने दिलेली साक्ष मोठी, की पार्श्वसंगीतावर हळूच वर होणारा पदर? पण नियमांच्या यादीचा सीन होत नाही. सुनेचा होतो. मालिकेचं गणित तिथे ठरतं. आणि माझ्या स्क्रिप्टचंही तिथेच ठरलं होतं, हे कबूल करायला हवं.

हे सगळं आम्हा माजिवडेकरांना जरा जास्तच जवळचं आहे. एक तर आमच्या नाक्यावरून घोडबंदर रोडला वळलात की मराठी मालिकांच्या शूटिंगचा पट्टाच सुरू होतो. मेट्रोच्या कामाने झालेल्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये अडकलेले कलाकार इथे नवलाचे नाहीत. दुसरं म्हणजे ७ नोव्हेंबर २०२२ची रात्र. इथून जवळच, हायवेवरच्या विवियाना मॉलमध्ये ‘हर हर महादेव’ या चित्रपटाचा शो चालू होता. इतिहासाची मोडतोड केली आहे असं म्हणत जितेंद्र आव्हाड आणि त्यांचे कार्यकर्ते तिथे गेले आणि शो बंद पाडला. एका प्रेक्षकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली. चार दिवसांनी आव्हाडांना अटक झाली, लगेच जामीनही मिळाला. एक पक्ष चित्रपटाच्या विरोधात, तर दुसरा पक्ष बाजूने उभा राहिला.

त्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जो राडा चालला होता, तो मी पूर्ण वाचला. सकाळपर्यंत दोनशेच्या वर मेसेज. त्यात एकानेही ‘नेमका कुठला प्रसंग चुकीचा आहे आणि तो कशावरून?’ असं विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी फक्त पॉपकॉर्नचा इमोजी टाकला होता. आज त्याची लाज वाटते, कारण त्या थिएटरात तिकीट काढून बसलेला माणूस माझ्या बाबांसारखाच कुणीतरी असणार.

बरं, चूक म्हणजे काय, हेही आपण ठरवत नाही. लेझीम घ्या. ‘छावा’चा ट्रेलर आला आणि संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून एवढा गदारोळ झाला, की दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो भाग काढूनच टाकला. चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, तेव्हा लेझीम गायब. पण रोज रात्री मालिकांमध्ये जे कानावर पडतं, त्यावर कुणाचा आक्षेप नसतो. मी भाषेबद्दल बोलतेय.

आपल्या मालिकांत महाराज आणि त्यांचे सरदार एकदम शुद्ध, संस्कृत वळणाचं मराठी बोलतात. मावळे थोडं गावरान बोलतात आणि शत्रू उर्दू मिसळलेलं हिंदी बोलतो. भाषेवरूनच कळतं, टाळ्या कुणाला आणि शिट्ट्या कुणाला. पण सतराव्या शतकातली मराठी पत्रं उघडून बघा. फारसी-अरबी शब्द पानोपानी. आपल्या तोंडातले हुकूम, फौज, तारीख, अर्ज, तपशील हे त्याच वाटेने आलेत. ‘पेशवा’ हाच मुळात फारसी शब्द. फारसी इतकी भिनली होती म्हणून तर महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करून घेतला. सुमारे १,४०० शब्दांना संस्कृत पर्याय. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती. म्हणजे त्याच्या आधीच्या प्रसंगात कुणी ‘अमात्य’ म्हणून हाक मारली, तर खुशाल बोट ठेवा. मी हल्ली ठेवते. घरचे वैतागलेत.

गंमत अशी, की भाषा बदलण्याचा तो निर्णयच मला सगळ्यात नाट्यमय वाटतो. राजा ठरवतो, की माझ्या दरबारात माझे शब्द हवेत! पण आधीपासूनच सगळे संस्कृत बोलताना दाखवले, तर त्या निर्णयातला दमच जातो. आणि शत्रू-मित्र भाषेवरून वाटून टाकले, की महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरबेग, आरमारातला दौलतखान, चिठ्ठ्या-फर्मानं सांभाळणारा काझी हैदर ही माणसं बसवायची कुठे? मग ती एखाद्या एपिसोडमध्ये दिसतात आणि मागच्या रांगेत जातात.

भाषेवरून आठवलं. माझी एक मैत्रीण माजिवडा गावातली, आगरी. (हो, टॉवर्सच्या मधोमध अजून गाव आहे. घोडबंदरच्या नव्या मंडळींना सांगते.) ती म्हणते, ‘‘टीव्हीवर आमची भाषा ऐकू आली, की समजायचं, आता कॉमेडी सीन आहे.’’ पाचशे भागांच्या मालिकेत आगरी बाई रडली, भांडली, तिने घर चालवलं, असं तिने पाहिलेलं नाही. मी खूप आठवून बघितलं. मलाही सुचेना.

पण मालिकांना नुसतं झोडपणं सोपं आहे, आणि थोडं अन्यायाचंही. संभाजी महाराजांचंच बघा. त्यांच्याबद्दल बदनामीचा जो सूर पुढे चालत आला, त्यात मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीचा मोठा वाटा. ती लिहिली गेली संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. शिवाय चिटणीस ज्या बाळाजी आवजींच्या घराण्यातला, त्यांना संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. आता हा लेखक तटस्थ राहील? मग नाटकं आली, सिनेमे आले आणि तीच प्रतिमा घट्ट होत गेली. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’मधल्या चित्रणाचा राग शंभर वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातल्या त्यांच्या पुतळ्यावर निघाला.

ही प्रतिमा पुसायचं काम केलं कुणी? वा. सी. बेंद्रे यांनी. त्यांनी सुमारे चाळीस वर्षं कागदपत्रं धुंडाळली आणि १९६० मध्ये चरित्र छापलं. डॉ. कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ त्यानंतरचं. पण खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी हे ग्रंथ हातात धरलेत? आपल्याला ‘बुधभूषण’ लिहिणारा संभाजी कळला तो २०१७ ते २०२० मध्ये, डॉ. अमोल कोल्हेंच्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मुळे. माझ्या आजीच्या डोक्यातला संभाजी त्या अडीच वर्षांत बदलला. हे मालिकेचं श्रेय आहे आणि ते द्यायलाच हवं. फक्त हेही लक्षात ठेवू, की ज्या खिडकीतून खरी गोष्ट घरात येते, त्याच खिडकीतून सुभेदाराची सूनही येते.

बाहेर काय चाललंय? के-ड्रामावाल्यांना ‘जोसॉन एक्झॉर्सिस्ट’ आठवत असेल. मार्च २०२१ मध्ये कोरियन राजाच्या काळातल्या प्रसंगात चिनी पद्धतीचे खाद्यपदार्थ आणि सजावट दिसली म्हणून प्रेक्षक भडकले, जाहिरातदार पळाले आणि दोन भागांत मालिका बंद. मला मात्र फिलिपिन्सची एक मालिका जास्त आवडली. ‘मारिया क्लारा अॅट इबारा’, २०२२ची. तिथे होसे रिझाल या राष्ट्रपुरुषाचं लेखन शिकवणं १९५६च्या कायद्यानेच सक्तीचं आहे. आपलं चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक असतं ना, तसं कॉलेजात. मालिकेची नायिका क्ले ही नर्सिंगची विद्यार्थिनी, या विषयाला जाम कंटाळलेली. सर तिला रिझालची १८८७ची कादंबरी देतात आणि वाचता वाचता ती थेट त्या कादंबरीत जाऊन पडते! मग काय, तिथल्या बायकांना गप्प बसवलं जातं तेव्हा ही आजची मुलगी तोंड उघडते आणि सगळे हिच्याकडे वेड्यासारखं बघतात. तो काळ वेगळा आणि आपण वेगळे, हे क्षणभरही विसरू देत नाहीत. त्या मालिकेचं अख्खं कथानकच डिस्क्लेमरचं काम करतं.

असं आपल्याकडे कुणी केलं तर? २०१२मध्ये आलेली ‘उंच माझा झोका’ थोडी त्या वाटेने गेली होती. आधाराला स्वतः रमाबाई रानड्यांच्या आठवणी. १८७३ मध्ये अकरा वर्षांची रमा, एकतीस वर्षांचे न्यायमूर्ती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारकाने स्वतः मात्र लहान मुलीशी लग्न केलं, ही बोच झाकता येण्यासारखी नव्हतीच.

आणि मग ‘सावित्रीजोती’. २०२० मध्ये सुरू झाली, अभ्यासकांना सोबत घेऊन केलेली मालिका. पुरेसे प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात बंद झाली. तेव्हा फेसबुकवर हळहळीच्या पोस्ट आल्या. मीही एक शेअर केली होती. एकही भाग न बघता.

सरांसमोर फजिती झाल्यानंतरचं एक सांगते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं. तिथून मी सभासदाची बखर आणली. घाबरू नका, पुस्तक अगदी बारीक आहे. भाषा पहिल्या दहा पानांत छळते, मग सरावते. तेव्हापासून सवय लागली. मालिकेत काही खटकलं, की कागदावर लिहून ठेवते आणि शनिवारी शोधते. निम्म्या वेळा मालिकाच बरोबर निघते. तेव्हा गप्प बसते.

गेल्या महिन्यात आई संभाजी महाराजांची मालिका परत बघत होती. शेवटचे भाग संपले, डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘येसूबाईचं पुढे काय झालं गं?’’ मालिका तिथेच संपते, चित्रपटही तिथेच संपतो. मी सांगितलं: १६८९ मध्ये रायगड पडला, ती आणि लहानगा शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू १७०७ मध्ये सुटला. ती सुटली १७१९ मध्ये.

आईने बोटांवर हिशेब केला. ‘‘तीस वर्षं?’’ आणि पुढची मालिका सुरू होत होती, तिचा आवाज बंद केला. ‘‘ते पुस्तक आण म्हणजे. मराठीत आहे ना?’’