न दिसणाऱ्या चिन्हांचा माग

समजा, भुसावळच्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनाला येणाऱ्या मुलांची यादी संगणकावर केली. गावाच्या रकान्यात 'भुसावळ' चाळीस वेळा लिहिलेले आहे. पण संगणकाला भुसावळची मुले मोजायला सांगितली, तर तो एकोणीसच मोजतो! नावे कितीही निरखून वाचा, काना-मात्रेचाही फरक सापडत नाही. मग उरलेली एकवीस मुले गेली कोठे?

संगणक अक्षरे पाहत नाही, क्रमांक पाहतो. 'भुसावळ' म्हणजे त्याच्या लेखी सहा चिन्हे: भ, उकार, स, काना, व आणि ळ. स्प्रेडशीटमधील 'लेन' हे सूत्र चिन्हांची संख्या सांगते. जेथे ६ ऐवजी ७ उत्तर येईल, तेथे एक अदृश्य पाहुणा आहे असे समजावे. तो बहुधा शेवटी असतो. 'राइट' सूत्राने शेवटचे चिन्ह वेगळे करून 'युनिकोड' सूत्राला दिले, की त्याचा क्रमांक कळतो. तो १३ निघाला असे धरू.

हा १३ कोण? त्याचे मूळ टेलिप्रिंटरमध्ये आहे. आपल्याकडील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. त्यापूर्वी अनेक वर्षे तारघरांत आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ही यंत्रे खडखडत असत. दूरच्या यंत्राला अक्षरांबरोबर हुकूमही पाठवावे लागत. मुद्रणाचा भाग डावीकडे परत ने, कागद एक ओळ सरकव, घंटा वाजव! १९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' ही संकेतावली प्रथम प्रसिद्ध झाली, तिच्यात या हुकमांना क्रमांक मिळाले: १३, १० आणि ७. तिच्या १२८ क्रमांकांपैकी ० ते ३१ आणि १२७ हे ३३ क्रमांक अशा नियंत्रक चिन्हांचे आहेत. त्यांतला १२७ मोठा गमतीचा. कागदी पट्टीवर एकदा पडलेले भोक बुजवता येत नाही. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही भोके पाडून टाकत. सात वेळा १ म्हणजे द्विमान पद्धतीत १२७, अर्थ 'हे खोडले'.

यंत्रे गेली, हुकूम राहिले. विंडोजमध्ये ओळ संपताना १३ आणि १० असे दोन्ही लिहिण्याचा प्रघात आहे, लिनक्समध्ये फक्त १०. एकीकडची फाइल दुसरीकडे गेली की १३ नावाला चिकटून राहू शकतो.

'क्लीन' हे सूत्र ० ते ३१ ही चिन्हे काढून टाकते. संकेतस्थळावरून उतरवलेल्या मजकुरातली १६० क्रमांकाची मोकळी जागा मात्र त्याला दाद देत नाही. ती 'सब्स्टिट्यूट' वापरून मुद्दाम बदलावी लागते. पण साध्या मजकुराच्या फाइलमधून सगळीच नियंत्रक चिन्हे सरसकट काढाल, तर १० गेल्यामुळे स्थानकांची यादी 'भुसावळवरणगावबोदवडमलकापूर' अशी एका दमात धावू लागेल! १० आणि रकाने वेगळे ठेवणारा ९, हे दोघे राहू द्यावेत.

मराठीत आणखी एक खाच आहे. 'सातपुड्याच्या दऱ्या' यातला ऱ्या लिहिण्याच्या युनिकोडमध्ये दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह येते. हे काटेकोर अर्थाने नियंत्रक चिन्ह नव्हे, परंतु 'सर्व अदृश्य चिन्हे काढा' असे सांगणाऱ्या साधनांना हा भेद बहुधा ठाऊक नसतो. जोडचिन्ह गेले, की दऱ्यांचा 'दर्या' होतो आणि सातपुड्यात समुद्र शिरतो. आचाऱ्यांचे आचार्य होतात ते निराळेच.

तुमच्याकडे जुनी मराठी फाइल असेल, तर तिच्यातला 'दऱ्या' हा शब्द स्प्रेडशीटमध्ये उतरवून 'लेन' चालवून पाहा. उत्तर ५ आले तर तो पहिल्या रीतीने लिहिलेला आहे. ६ आले तर सफाईपूर्वी तिची एक प्रत बाजूला ठेवा.