दिवा लागला, दोष कोठे?

दुकानाचा टेम्पो एका कंपनीचा, मोठ्या बंधूंची मोटार दुसरीची आणि धाकट्यांची तिसरीची, हे चित्र आपल्या व्यापारी कुटुंबांत आता नवे नाही. कुंथलगिरीच्या यात्रेस निघण्याच्या आदल्या सायंकाळी यांपैकी एका मोटारीत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमधून महागडा सेन्सर बदलण्याचा सल्ला येतो. तो पारखण्याचे साधन घरी असावे काय?

साधन उपलब्ध आहे. भारतात २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वयंतपासणीची व्यवस्था सक्तीची झाली. स्टिअरिंगखाली बहुधा १६ पिनांची जोडणी असते. तिला स्कॅनर जोडला की मोटारीने नोंदलेला दोषांक वाचता येतो. ‘पी०’ने आरंभ होणारे अंक सर्व कंपन्यांत समान असतात, ‘पी१’चे अंक मात्र ज्या त्या कंपनीचे. ब्रेकच्या एबीएसचे व एअरबॅगचे दोष साधे स्कॅनर सहसा वाचत नाहीत.

म्हणून खरेदीपूर्वी आपली गरज लिहून काढावी. केवळ इंजिनाचा दिवा समजून घ्यायचा असेल, तर मोबाइलशी जोडले जाणारे छोटे ॲडॉप्टर पुरेसे आहे. ते आपल्या फोनशी जुळते की नाही, एवढे आधी पाहावे. एबीएस व एअरबॅगही तपासायचे असतील, तर अनेक कंपन्यांसाठीचा स्कॅनर घ्यावा. मात्र खोक्यावरील कंपन्यांच्या लांबलचक यादीला भुलू नये. आपल्या मोटारीचे मॉडेल, वर्ष आणि इंधन त्यात आहे काय, हे विचारावे. सॉफ्टवेअरच्या वार्षिक शुल्काचीही चौकशी करावी. स्वस्त वस्तू तेथेच महाग पडते. शक्य असल्यास दुकानातच आपल्या मोटारीवर लावून पाहावे. गरजेपुरतेच घ्यावे, हा अपरिग्रहाचा विचार येथेही हिशेबाचा ठरतो.

परंतु दोषांक म्हणजे निकाल नव्हे. ‘पी०१७१’ एवढेच सांगतो की इंजिनातील मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी आहे. त्याचे कारण फाटलेली हवेची नळी, मळलेला हवामापक सेन्सर किंवा दुर्बल इंधनपंप, यांपैकी काहीही असू शकते. अनेकांतवाद मानणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगावे लागू नये: यंत्राचे म्हणणे खरे, पण एका बाजूने खरे. दोषांक पुसल्याने दिवा विझतो, दोष जात नाही. म्हणून पुसण्यापूर्वी तो टिपून ठेवावा.

स्कॅनर हाती आला म्हणून कारागिराला चोर ठरवू नये. तो अंक त्याच्यापुढे ठेवून नम्रपणे विचारावे, “हा भाग बदलण्यापूर्वी आपण काय काय तपासले?” प्रामाणिक कारागीर याचे उत्तर आनंदाने देईल. ज्याला ते देता येणार नाही, त्याच्या बिलावर पैसे मोजण्याआधी दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे.