शालेय वक्तृत्वस्पर्धा आणि समतेचा विषय

जानेवारीच्या ३ तारखेस सावित्रीबाई फुले यांची जयंती येते, एप्रिलच्या ११ तारखेस जोतीरावांची, १४ तारखेस डॉ. आंबेडकरांची, आणि नोव्हेंबरच्या २६ तारखेस संविधान दिन असतो. या दिवसांच्या आगेमागे महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांतून वक्तृत्वस्पर्धा भरतात, आणि त्यांचा विषय या ना त्या शब्दांत समता हाच असतो. स्त्रीपुरुषसमानता, अस्पृश्यतानिवारण, सर्वांना शिक्षण, राज्यघटनेने दिलेले हक्क अशा मथळ्यांखाली आठवी ते दहावीतील मुलेमुली व्यासपीठावर उभी राहतात आणि पाच-सात मिनिटे बोलतात.

या स्पर्धांची रीत बहुतेकांच्या परिचयाची आहे. विषय काही दिवस आधी फलकावर लागतो. वेळ संपत आली की सूचनेची घंटा होते, संपली की दुसरी. परीक्षक विषयप्रतिपादन, भाषा, उच्चार आणि आविर्भाव अशा रकान्यांतून गुण मांडतात. शेवटी तीन क्रमांक, एकदोन उत्तेजनार्थ बक्षिसे आणि शाळेच्या कपाटात जाणारी ढाल. भाषण मात्र पुष्कळदा गुरुजींनी अथवा वडीलधाऱ्यांनी लिहून दिलेले असते. मुलाने ते पाठ केलेले असते, आणि कोणत्या वाक्यास हात उंचवावयाचा हेही त्यास शिकविलेले असते.

अशा पाठांतराचा काहीच उपयोग नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने वाणी शुद्ध होते, सभाधीटपणा येतो, चांगली भाषा कानात बसते. वर्षाऋतूच्या वर्णनास एवढे पुरेसे आहे. परंतु समता हा वर्णनाचा विषय नव्हे. ती पाळली जाते किंवा मोडली जाते. आणि ज्या सभागृहात भाषण चालले आहे त्याच्या दाराबाहेरही ती पाळली अथवा मोडली जात असते. म्हणून या विषयावरील भाषणास एक निराळी कसोटी लागू पडते. ती कोणती, हे समजण्यास अमेरिकेच्या इतिहासातील एका शालेय स्पर्धेची हकीकत फार उपयोगी आहे.

अमेरिकेत ‘एल्क्स’ या नावाचे एक मोठे बंधुमंडळ होते. त्यात कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता. तेव्हा १८९८ साली कृष्णवर्णीयांनी त्याच धर्तीवर आपले स्वतंत्र मंडळ स्थापिले. हे मंडळ पुढे आपल्या समाजातील शाळकरी मुलांसाठी वक्तृत्वस्पर्धा भरवू लागले, आणि त्या स्पर्धेत राज्यघटनेवर भाषणे होत. ज्यांना घटनेतील हक्कांचा अनुभव सर्वांत कमी, त्यांनीच आपल्या मुलांस घटनेवर बोलावयास लावावे, यात मोठा विचार होता.

१९४४ सालच्या एप्रिल महिन्यात जॉर्जिया राज्यातील डब्लिन या गावी कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये ही स्पर्धा झाली. तीत भाग घेण्यासाठी अटलांटा शहरातून पंधरा वर्षांचा एक विद्यार्थी आपल्या शिक्षिका श्रीमती ब्रॅडली यांच्यासह आला होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. त्याच्या भाषणाचा विषय, त्या काळच्या शब्दांत, ‘नीग्रो आणि राज्यघटना’ असा होता. हे भाषण त्याच वर्षी शाळेच्या वार्षिकात छापले गेले, म्हणून ते आजही वाचावयास मिळते.

भाषणाची मांडणी सरळ आहे. यादवी युद्धानंतर १८६५ ते १८७० या काळात अमेरिकेच्या घटनेत तेरावी, चौदावी व पंधरावी अशा तीन दुरुस्त्या झाल्या. त्यांनी गुलामगिरी रद्द केली, नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले, आणि वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. किंगने एका बाजूस हे लिखित अभिवचन ठेवले, आणि दुसऱ्या बाजूस सर्वांस ठाऊक असलेली एक घटना ठेवली. मेरियन अँडरसन ही त्या काळची थोर गायिका. १९३९ साली वॉशिंग्टन येथील एका सभागृहात, केवळ ती कृष्णवर्णीय म्हणून, तिला गाऊ दिले नाही. त्या सभागृहाचे नावच मुळी ‘राज्यघटना सभागृह’ असे होते. पुढे लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर तिचे गायन झाले व ते ऐकण्यास सुमारे पंच्याहत्तर हजार लोक लोटले. परंतु किंग तेथे थांबला नाही. एवढा सन्मान झालेल्या त्या गायिकेस अजूनही अनेक चांगल्या उपाहारगृहांत जेवण आणि हॉटेलांत खोली मिळत नाही, हे त्याने दाखवून दिले. राष्ट्राचा एक मोठा भाग अज्ञानात आणि रोगराईत राहिला तर उरलेले राष्ट्र सुखरूप राहू शकत नाही, हाही मुद्दा त्याने मांडला.

स्पर्धा आटोपली. गुरुशिष्या बसने अटलांटास परत निघाली असता वाटेत काही गोरे उतारू चढले, आणि चालकाने दोघांसही जागा सोडण्यास फर्माविले. ती चटकन उठली नाहीत, तेव्हा त्याने शिव्या दिल्या. मुलगा उठावयास तयार नव्हता. कायदा पाळला पाहिजे असे शिक्षिकेने समजाविले, तेव्हा तो उठला. पुढचे नव्वद मैल दोघेही उभ्याने आली. इतका संताप आपणांस आयुष्यात कधी आला नव्हता, असे किंग यांनी अनेक वर्षांनंतर सांगितले.

व्यासपीठावर जे सिद्ध केले, ते त्याच रात्री रस्त्यावर भोगावे लागले. पुढे १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरी रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडण्याचे नाकारले, आणि तेथील कृष्णवर्णीयांनी वर्षाहून अधिक काळ बसवर बहिष्कार घातला. त्या लढ्याचे नेतृत्व याच किंग यांनी केले. १९६३ साली त्यांचे जगप्रसिद्ध भाषण झाले ते लिंकनच्या त्याच स्मारकापुढे, जेथे मेरियन अँडरसन गायिली होती. शालेय स्पर्धेनेच हे सर्व घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अभिवचन आणि अनुभव शेजारी शेजारी मांडण्याची जी रीत त्या मुलाने वापरली, ती पुढे मोठेपणीही त्यांच्या कामी आली.

ही रीत महाराष्ट्रास परकी नाही. जोतीराव व सावित्रीबाई यांच्या शाळेतील चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. तो निबंध होता, भाषण नव्हे. परंतु त्याचे बळ त्याच जातीचे आहे. धर्मग्रंथांचा अधिकार आपल्या लोकांस का नाही, हा प्रश्न तिने विचारला; आणि डोक्यावर छप्पर नसता थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचे दुःखही सांगितले. हे दुसरे दुःख कोणत्याही पुस्तकात तिला सापडले नसते. तसेच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी बजाविले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, असे विसंगत आयुष्य आपण आरंभीत आहोत. अभिवचन आणि अनुभव यांतील अंतर मोजण्याचाच हा प्रकार होय.

यावरून शाळांनी घ्यावयाचा बोध फारसा खर्चिक नाही. ‘समता ही काळाची गरज’ असा अघळपघळ विषय देण्याऐवजी ‘आमच्या वाडीतील पाणवठा’, ‘सुट्टीच्या दिवशी घरात काम कोण करते’, ‘शाळेतून गळालेली माझी मैत्रीण’ असे विषय द्यावे, आणि घटनेचे चौदावे, पंधरावे किंवा सतरावे कलम त्याच्या शेजारी ठेवावयास सांगावे. मात्र मैत्रिणीचे वा शेजाऱ्याचे नाव सभेत उघड होणार नाही, ही दक्षता शिक्षकांनी घ्यावी. प्रत्येक भाषणानंतर परीक्षकांनी एखादा साधा प्रश्न विचारावा. पाठ केलेले कोणते आणि पाहिलेले कोणते, हे त्या एका उत्तराने कळते. शिक्षकांनी उच्चार खुशाल सुधारावे, परंतु मुलाचे निरीक्षण पुसून त्या जागी आपले सुभाषित घालू नये. एखादे वाक्य ओबडधोबड राहिले तरी चालेल.

आणि घरच्या मंडळींनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्त्रीपुरुषसमानतेवर पहिला क्रमांक मिळवून मुलगा संध्याकाळी घरी येतो. आई व बहीण वाढीत असतात, तो पाटावर बसतो, आणि जेवून झाल्यावर ताट तेथेच ठेवून उठतो. ढाल कपाटात ठेवण्यापूर्वी ते ताट कोणी उचलले, हे घरातील वडीलधाऱ्यांनी अवश्य पाहावे.