आरसा गेला, पण भिंग का लहान होईना?

या लेखाची सुरुवात मी स्वतःच्या एका चुकीपासून करणार आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी उजनी जलाशयाच्या काठच्या एका गावात विज्ञान शिकवते. हिवाळ्यात तेथे पक्षी उतरतात आणि शाळेतील मुले त्यांची नोंदवही ठेवतात. नोंदीसोबत छायाचित्रेही असावीत म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तेव्हा तिने फोन करून विचारले, “सर, मिररलेस म्हणतात तो छोटा कॅमेरा घेऊ, की आरशाचा मोठा?” मी उत्तरपत्रिका तपासत होतो. फारसा विचार न करता म्हणालो, “अगं, आरसा गेला की कॅमेरा लहान, कॅमेरा लहान की सगळंच लहान. मुलांच्या हाताला हलका बरा. छोटाच घे.” तिने घेतला. महिन्याभराने चित्रे आली. पाणी छान, आकाश छान, आणि वाळक्या फांदीवर तिळाएवढा एक निळा ठिपका. तो खंड्या होता, हे तिने खाली लिहिले होते म्हणून समजले. वर्गणी तर संपली होती.

कॅमेरा लहान होतो हे माझे म्हणणे बरोबर होते. ‘सगळंच लहान’ हे मात्र भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला न शोभणारे विधान होते. ते का, हे आता पाहू.

प्रथम हा आरसा तेथे आला कशासाठी? आपल्याला जे दिसते तेच चित्रात यावे, अशी छायाचित्रकाराची इच्छा असते. त्यासाठी भिंगाच्या मागे ४५ अंशांत एक आरसा बसवला. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर दुधी काचेवर जातो, तेथे प्रतिमा उमटते, आणि तिच्यावरचा पंचकोनी लोलक ती सुलटी करून आपल्या डोळ्यापर्यंत पोचवतो. बटण दाबताच आरसा खटकन वर उचलला जातो, झडप उघडते आणि प्रकाश फिल्मवर, किंवा आता संवेदकावर, पडतो. त्या क्षणी आपल्याला मात्र काहीच दिसत नाही! अशी रचना वर्षानुवर्षे उत्तम चालली. निकॉनचा प्रसिद्ध एफ कॅमेरा १९५९ चा.

संवेदक आल्यावर आरशाची गरज राहिली नाही. संवेदकावरची प्रतिमा थेट एका लहान पडद्यावर दाखवता येते. या पद्धतीचा, भिंगे बदलता येणारा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला. (बिनआरशाचे कॅमेरे तसे नवे नव्हेत. १९२५ च्या लायका कॅमेऱ्यालाही आरसा नव्हता. पण त्याची पाहण्याची खिडकी वेगळी असल्याने ती भिंगातले दृश्य दाखवत नसे.)

आरशाला फिरायला जागा लागते. म्हणून भिंग जेथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर निकॉनच्या एफ रचनेत ४६.५ मि.मी. आणि कॅननच्या १९८७ च्या ईएफ रचनेत ४४ मि.मी. होते. आरसा काढल्यावर, २०१८ मध्ये आलेल्या नव्या रचनांत, हेच अंतर निकॉनने १६ आणि कॅननने २० मि.मी. केले. पेटी, म्हणजे दुकानदार जिला ‘बॉडी’ म्हणतो ती, दोन-तीन सेंटिमीटरने पातळ झाली. वरचा लोलकही गेला. निकॉनचे डी८५० आणि झेड७ हे साधारण सारख्याच तपशिलाचे चित्र देणारे दोन कॅमेरे घ्या. बॅटरीसह आरशाचा पहिला १००५ ग्रॅम भरतो, बिनआरशाचा दुसरा ६७५ ग्रॅम. ही बचत खरी आहे.

भिंगातही एके ठिकाणी खरी बचत होते. समजा, २० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग हवे आहे. दूरच्या वस्तूची प्रतिमा त्याच्यापासून २० मि.मी. वर पडणार. पण तेथे तर चाळीस मि.मी. जागा आरशाने अडवलेली! मग भिंगाच्या पुढे एक अंतर्वक्र भिंगसमूह बसवून किरण उशिरा एकत्र यावेत अशी युक्ती करावी लागे. फ्रान्समध्ये अँजेन्यू यांनी १९५० मध्ये असे भिंग बाजारात आणले. युक्ती उत्तम, पण काच वाढते आणि वजनही वाढते. आरसा गेल्यावर ही कसरत बरीच कमी झाली. म्हणून वर्ग, इमारत, स्नेहसंमेलन अशी रुंद दृश्ये टिपणाऱ्याला लहान कॅमेरा आणि लहान भिंग, दोन्ही मिळतात.

आता पक्ष्याकडे वळू. येथे एक प्रयोग करून पाहा. वाचनाचे बहिर्वक्र भिंग घेऊन खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरा आणि पुढेमागे करून बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडा. भिंतीपासून भिंगापर्यंतचे अंतर हे जवळजवळ त्याचे नाभीय अंतर. दुसरे, जास्त नाभीय अंतराचे भिंग मिळाले तर त्याची प्रतिमा त्याच प्रमाणात मोठी आलेली दिसेल. आता पुठ्ठ्याला भिंगाच्या निम्म्या व्यासाचे गोल भोक पाडा आणि तो पुठ्ठा भिंगावर धरा. वर्गातली बहुतेक मुले सांगतात, झाड अर्धे दिसेल. तसे होत नाही. झाड पूर्ण राहते, आकारही तोच राहतो, फक्त प्रतिमा मंद होते. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणून प्रकाशही पाव.

तेव्हा प्रतिमेचा आकार ठरवते नाभीय अंतर, आणि प्रकाश किती गोळा होणार हे ठरवतो भिंगाच्या तोंडाचा व्यास. या दोन्ही वाक्यांत आरसा कोठेच नाही!

आता आमच्या खंड्याचे गणित करू. तो सुमारे ३० सें.मी. लांब, बसला होता ३० मीटरवर. हे प्रमाण १:१००. म्हणून संवेदकावरची त्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या शंभराव्या भागाएवढी. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या भिंगाचे सर्वांत जास्त नाभीय अंतर होते ४५ मि.मी.; प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. भिंगावर एफ/६.३ असे लिहिलेले होते. याचा अर्थ व्यास = नाभीय अंतर ÷ ६.३, म्हणजे सुमारे ७ मि.मी. त्या बिचाऱ्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश वाटाण्याएवढ्या छिद्रातून आत शिरत होता. याउलट ३०० मि.मी., एफ/४ चे भिंग घेतले तर प्रतिमा ३ मि.मी. आणि व्यास ३०० ÷ ४ = ७५ मि.मी. व्यास दहापटीहून जास्त, म्हणून पक्ष्याकडून येणारा प्रकाश शंभरपटीहून जास्त.

प्रकाश कमी पडला तर काय बिघडते? पावसाच्या पहिल्या थेंबांत अंगणात सारख्या वाट्या मांडून ठेवल्या, तर प्रत्येकीत सारखे थेंब पडत नाहीत. सरासरी १०० थेंब असतील तर दहाएकांचा फरक सहज पडतो, म्हणजे १० टक्के. सरासरी १०,००० असेल तर फरक शंभराचा, म्हणजे अवघा १ टक्का. संवेदकावरचे सूक्ष्म बिंदू म्हणजे अशाच वाट्या आणि थेंब म्हणजे प्रकाशकण. थोडे प्रकाशकण असले की शेजारशेजारचे बिंदू उगाच कमीजास्त उजळतात आणि चित्र रवाळ दिसते. संध्याकाळच्या चित्रांत हे विशेष जाणवते. पक्षी उडत असेल तर झडप जास्त वेळ उघडी ठेवण्याचीही सोय नसते. मग एकच मार्ग राहतो: तोंड मोठे करा.

दुकानात येथे एक युक्तिवाद ऐकू येतो. लहान संवेदकाचा कॅमेरा घ्या, त्यावर ३०० चे भिंग ६०० सारखे काम करते. यात तथ्य आहे. १७.३ × १३ मि.मी. च्या संवेदकावर ३०० मि.मी. चे भिंग जेवढे दृश्य दाखवते, तेवढेच ३६ × २४ मि.मी. च्या संवेदकावर ६०० चे भिंग दाखवते. भिंगाची लांबी खरोखरच वाचते. पण व्यासाचे काय? लहान संवेदकावरचे ३०० मि.मी., एफ/४ घ्या, व्यास ७५. मोठ्यावरचे ६००, एफ/८ घ्या. व्यास पुन्हा ७५. पक्ष्याकडून दोघांना मिळणारा प्रकाश सारखाच. मोठ्या संवेदकावर एफ/४ हवे असेल तर व्यास १५० मि.मी. होतो आणि प्रकाश चौपट. दुकानदार ३०० चे ६०० झालेले सांगतो, ४ चे ८ झालेले सांगत नाही.

या १५० मि.मी. च्या भिंगाचे एक उदाहरण मला फार आवडते. कॅननने २०१८ मध्ये आरशाच्या कॅमेऱ्यासाठी ६०० मि.मी., एफ/४ चे भिंग काढले. लांबी ४४८ मि.मी., वजन ३०५० ग्रॅम. २०२१ मध्ये त्याच मापाचे भिंग बिनआरशाच्या कॅमेऱ्यासाठी आले. लांबी ४७२ मि.मी., वजन ३०९० ग्रॅम. लहान कॅमेऱ्याचे भिंग उलट लांब झाले! किती लांब? २४ मि.मी. आणि मघाची अंतरे आठवा: ४४ उणे २० म्हणजे २४. पेटीतून काढलेली जागा जशीच्या तशी भिंगाच्या शेपटीला जोडावी लागली. प्रकाशाला जेवढे अंतर जायचे तेवढे तो जाणारच. ते पेटीत मोजा नाहीतर नळीत.

मग आरशाचा कॅमेरा घ्यावा का? नवा शोधत असाल तर निवड मर्यादित आहे; कॅनन आणि निकॉन यांनी आपले वरच्या श्रेणीतले शेवटचे आरशाचे कॅमेरे २०२० मध्ये आणले. वापरलेले मात्र स्वस्त मिळतात. शिवाय त्यांचा एक गुण शाळांनी लक्षात घ्यावा. आरशातून पाहताना वीज जवळजवळ खर्च होत नाही, मिररलेसमध्ये मात्र संवेदक आणि पडदा सतत चालू असतात. प्रमाणित चाचणीनुसार डी८५० एका चार्जमध्ये १८४० चित्रे काढतो, झेड७ फक्त ३३०. उलट मिररलेसच्या पडद्यावर चित्र उजळ येणार की काळपट हे आधीच दिसते. शिकणाऱ्या मुलासाठी मला ही सोय मोठी वाटते.

माझे मत असे की निवड मागून पुढे करू नये, पुढून मागे करावी. काय टिपायचे, ते किती लांब असते, प्रकाश किती असतो हे ठरवा. त्यावरून नाभीय अंतर आणि व्यास काढा. चंद्र हवा असेल तर त्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या सुमारे ११० व्या भागाएवढी येते, एवढे ध्यानात ठेवा. भिंगाचे पैसे बाजूला काढा आणि उरतील त्यात पेटी घ्या. नोंदवहीतील झाडे, पाने, वर्गातील प्रयोग एवढेच टिपायचे असेल, तर लहान कॅमेऱ्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही.

उजनीच्या शाळेचे पुढे काय झाले ते सांगतो. आरसा नसल्यामुळे जी जागा वाचते, तिचाच येथे उपयोग झाला. नव्या पातळ पेटीवर जुने, आरशाच्या जमान्यातील भिंग बसवायचे तर मध्ये फक्त एक पोकळ कडे लागते. त्यात काच नसते; केवळ वाचलेले अंतर भरून काढायचे आणि विजेची जोडणी पुढे न्यायची. उलट मात्र चालत नाही. नवे भिंग जुन्या पेटीवर लावले तर आरसा आडवा येतो. आम्ही वापरलेले ३०० मि.मी., एफ/४ चे भिंग शोधले. त्यासाठी अर्धे पैसे मी घातले, कारण चूक माझी होती. भिंग सव्वा किलोच्या आसपास आणि कॅमेरा त्याच्या निम्म्याहून हलका. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याला लावला तर सगळे पुढे कलंडते, म्हणून त्या भिंगाच्याच पोटाला स्क्रूचे भोक आहे. मुली म्हणतात, “सर, कॅमेऱ्याला भिंग नाही, भिंगाला कॅमेरा लावलाय.” गेल्या जानेवारीतल्या चित्रात खंड्याच्या चोचीतला मासा दिसतो, आणि त्याची शेपटी कोणत्या बाजूला आहे तेही.